पट आहे, पंतोजी कोठे आहेत?

नागपूरच्या दिव्या देशमुख हिने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे कोनेरू हम्पीसारख्या मातब्बर खेळाडूला अंतिम फेरीत हरवून महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला आणि त्या एकाच विजयाने तिला ग्रँडमास्टर हा किताबही मिळाला. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. त्याआधी सप्टेंबर २०२४ मध्ये बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारताने खुल्या व महिला अशा दोन्ही गटांत सुवर्णपदक मिळवले. त्या यशात दिव्या होती, नाशिकचा विदित गुजराथी होता आणि महिला संघाचे न खेळणारे कर्णधार पुण्याचे अभिजित कुंटे होते. महाराष्ट्राने या विजयांचा आनंद मानला तो यथायोग्यच होय. परंतु अभिनंदनाचे ठराव संमत होऊन टाळ्यांचा कडकडाट विरला की एक प्रश्न मागे उरतो आणि तो आपल्या जिल्ह्यापुरता तरी अडचणीचा आहे. दिव्याइतकीच तल्लख एखादी मुलगी आज परंड्यात किंवा लोहाऱ्यात असेल, तर तिला हा खेळ शिकवणार कोण आणि ती स्पर्धा खेळणार कोठे?

यावर हल्ली एक तयार उत्तर मिळते. मोबाइल आहे ना! बोट टेकवले की पट उघडतो, आणि परंड्यातली मुलगी पेरूतल्या एखाद्या अनोळखी माणसाशी खेळू लागते. हे उत्तर अगदीच टाकाऊ आहे असे नाही. एके काळी दूरच्या गावच्या खेळाडूशी डाव मांडायचा तर पोस्टकार्डावर एकेक चाल लिहून पाठवावी लागे आणि एक डाव संपायला वर्ष उलटून जाई. जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूर राहणाऱ्या मुलाला तुल्यबळ प्रतिस्पर्धी मिळणे हीच पूर्वी मोठी अडचण होती, ती आता राहिली नाही. २०२० च्या टाळेबंदीत तर या खेळाने घराघरांत प्रवेश केला. विदित गुजराथी याने विनोदी कलावंतांना सोबत घेऊन केलेली थेट प्रक्षेपणे, ज्यांनी आयुष्यात कधी प्याद्याला हात लावला नव्हता अशा तरुणांनीही पाहिली. या लाभाला नाके मुरडण्याचे कारण नाही.

पण प्रतिस्पर्धी मिळणे आणि विद्या मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंटरनेटवर जो खेळ प्रामुख्याने खेळला जातो तो तीन-तीन मिनिटांचा, कधी एकेका मिनिटाचा. त्यात हाताची चपळाई वाढते, डाव हरल्याचे दुःखही दहा सेकंदांत विसरले जाते आणि पुढचा डाव सुरू होतो. आपण का हरलो, हे विचारायला कोणी समोर नसते. संगणक हरलेल्या डावाची चिरफाड करून देतो हे खरे. अमुक चाल चुकली, तमुक चाल अधिक चांगली होती, एवढे तो बिनचूक सांगतो. मात्र ती चाल चांगली का, आणि ती मला का सुचली नाही, याचे उत्तर त्याच्यापाशी नाही. गणिताच्या पुस्तकाची शेवटची पाने पाहून उत्तरे उतरवणाऱ्या विद्यार्थ्याला गणित येते असे कोणताही शिक्षक म्हणणार नाही. येथेही प्रकार तोच आहे.

शिवाय यंत्राच्या हाताशी असण्याने मोह उत्पन्न होतो. जून २०२१ मध्ये करोनाग्रस्तांच्या मदतनिधीसाठी विश्वनाथन आनंद यांनी काही प्रसिद्ध व्यक्तींशी इंटरनेटवर डाव खेळले, तेव्हा एका नामवंत उद्योजकाने चक्क आनंदला हरवले आणि दुसऱ्याच दिवशी, संगणकाची मदत घेतल्याचे कबूल करून क्षमा मागितली. धर्मकार्यासाठी खेळल्या गेलेल्या डावात, जगज्जेत्यासमोर, मोठ्या माणसाला हा मोह आवरला नाही. बारा वर्षांच्या पोराला तो खोलीत एकट्याने बसून आवरावा अशी अपेक्षा आपण कोणत्या आधारावर करणार?

विजेचा आणि जोडणीचा प्रश्न तर आपल्याकडे सांगायलाच नको. ऑगस्ट २०२० मधील ऑनलाइन ऑलिंपियाडच्या अंतिम सामन्यात निहाल सरीन आणि दिव्या देशमुख यांचा संपर्क तुटला, घड्याळात त्यांचा वेळ संपला आणि डाव गमावल्याची नोंद झाली. भारताने दाद मागितल्यावर जागतिक बुद्धिबळ महासंघाने भारत आणि रशिया यांना संयुक्त विजेते घोषित केले. देशाच्या संघाला दाद मागता येते. वाशी तालुक्यातल्या मुलाचा डाव वीज गेल्याने बुडाला तर त्याची दाद घेणारा कोणी नाही.

आता स्पर्धांकडे वळू. जागतिक महासंघाचे गुणांकन मिळवायचे तर गुणांकित खेळाडूंविरुद्ध किमान पाच डाव प्रत्यक्ष पटावर खेळावे लागतात. मोबाइलवर खेळलेले हजार डाव त्या खात्यात जमा होत नाहीत. त्यातच मार्च २०२४ पासून महासंघाने गुणांकनाची खालची मर्यादा एक हजारावरून चौदाशेवर नेली. गुणांकनाचा कारभार बिघडत चालला होता, तो सावरण्यासाठी हे केले गेले आणि त्या कारणात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. परंतु परिणाम असा की, नवख्या मुलाला शिडीची पहिली पायरीच डोक्याच्या वर गेल्यासारखी वाटते. ती गाठण्यासाठी त्याने पुण्याला किंवा मुंबईला जावे, बरोबर वडिलांनी रजा टाकून किंवा रोजगार बुडवून जावे, प्रवेशशुल्क भरावे, दोन-तीन दिवस मुक्कामाची सोय पाहावी, आणि नऊपैकी सात डाव हरून एसटीने परत यावे. सात डाव का हरले हे तेथेही कोणी सांगत नाही, कारण तेथे जो तो आपापल्या प्रशिक्षकापाशी डाव उलगडून बघण्यात गुंतलेला असतो. ज्याला प्रशिक्षक नाही तो मुलगा भिंतीवरच्या निकालपत्रकापुढे उभा राहतो.

या बाबतीत पूर्व आशियातील गो या खेळाच्या जगाकडे पाहण्यासारखे आहे. एकोणीस आडव्या आणि एकोणीस उभ्या रेघांच्या पटावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी खेळला जाणारा हा प्राचीन खेळ चीनमध्ये वेइची, कोरियात बादुक म्हणून ओळखला जातो. त्याची थोरवी सांगण्याचा येथे हेतू नाही. आपल्या मुलांनी बुद्धिबळ सोडून गो खेळावा असेही कोणी म्हणणार नाही. घेण्याजोगी आहे ती त्या खेळाडूंची रीत. तेथे अगदी नवशिक्यालाही श्रेणी असते. तिसाव्या क्यू या पायरीपासून आरंभ करून खेळाडू पहिल्या क्यूपर्यंत चढतो आणि मग दान या वरच्या श्रेणीत जातो. दोन खेळाडूंच्या बळात जितक्या पायऱ्यांचा फरक, साधारण तितक्या सोंगट्या, नऊपर्यंत, दुर्बळाला आधीच पटावर मांडू दिल्या जातात. त्यामुळे बलवान आणि दुर्बळ यांचा डावही चुरशीचा होतो. डाव संपल्यावर दोघे मिळून तो पुन्हा मांडून पाहतात आणि वरचढ खेळाडूने खालच्याला त्याची चूक दाखवणे हा तेथील शिष्टाचारच आहे. १९५७ साली जर्मनीतील कुक्सहाफेन येथे युरोपातील गो खेळाडूंचे पहिले संमेलन भरले. ही संमेलने उन्हाळ्यात दोन-दोन आठवडे चालतात आणि त्यांत नवशिका व निष्णात एकाच छपराखाली खेळतात. १९९२ पासून इंटरनेटवर गो खेळण्याची सोय झाली, तरी ही संमेलने बंद पडली नाहीत. इतकेच काय, मार्च २०१६ मध्ये अल्फागो या संगणकाने ली सेडोल या कोरियन महारथीला चार विरुद्ध एक असे हरवले, आणि २०१९ मध्ये ली सेडोल यांनी खेळातून निवृत्ती घेतली. तरीही माणसाने माणसाला शिकवण्याची ती रीत मोडली नाही.

आपल्याकडे असे काही नव्हतेच काय? होते, आणि ते महानगरांतच होते असेही नाही. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांच्या पुढाकाराने १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ उभे राहिले आणि उन्हाळी सुटीतल्या त्याच्या स्पर्धांनी पिढ्या घडवल्या. स्वाती घाटे ही महिला ग्रँडमास्टर त्याच गावची. मुंबईत खाडिलकरांच्या घरी तर तीन बहिणीच एकमेकींच्या प्रतिस्पर्धी होत्या. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंतीने जिंकली, १९७९ मध्ये जयश्री ही भारताची पहिली महिला इंटरनॅशनल मास्टर झाली आणि रोहिणीने पाच वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावले. हीच रोहिणी १९७६ साली, अवघ्या तेरा वर्षांची असताना, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. तिच्या खेळण्यास हरकत घेतली गेली, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि अखेर जागतिक महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष माक्स युवे यांनी, स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्णय दिला. १९८१ मध्ये हैदराबादला ती आशियाई विजेती झाली. एका वेळी आपला जिल्हा ज्या राजधानीच्या कारभाराखाली होता त्याच शहरात हे घडले, एवढाच काय तो आपला त्या विजयाशी संबंध! एके ठिकाणी मंडळाची खोली होती, दुसरीकडे घरची बैठक होती. पण दोन्हीकडे समोर बसणारे, चूक दाखवणारे आणि उद्या पुन्हा येणारे माणूस होते.

धाराशिवला हे जमणार नाही असे म्हणणाऱ्यांना खो-खोची आठवण करून द्यावी लागेल. सारिका काळे ही आपल्याच जिल्ह्यातली मुलगी. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय महिला संघाची ती कर्णधार होती, आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा खो-खोच्या वाट्याला तो मान बावीस वर्षांनी आला होता. जिल्ह्याला मागास म्हणा, निती आयोगाच्या भाषेत आकांक्षित म्हणा, येथे पैसा नाही आणि पाऊसही बेभरवशाचा आहे. पण रोज संध्याकाळी मैदानावर येणारा प्रशिक्षक मिळाला तेव्हा याच मातीने देशाला कर्णधार दिला. खो-खोला दोन खांब लागतात, बुद्धिबळाला एक पट. दोन्ही खेळ गरिबाला परवडणारे आहेत. फरक इतकाच की एकाला येथे गुरू लाभले, दुसऱ्याला अद्याप लाभलेले नाहीत.

नाही म्हणायला शालेय क्रीडास्पर्धांत बुद्धिबळाचा समावेश आहे. त्या जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी होतात. क्रीडागुणांच्या सवलतीमुळे दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांची त्यांत गर्दीही होते. पण गुणांसाठी खेळणाऱ्याचा खेळ गुण मिळाले की संपतो, आणि शाळेचे पट पुढच्या वर्षीच्या परिपत्रकापर्यंत कपाटात जातात. यात शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत सारी ओझी त्यांच्याच खांद्यावर टाकायची आणि वर बुद्धिबळही शिकवा म्हणायचे, हा न्याय नव्हे. तमिळनाडूने २०१२ च्या सुमारास सात ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी शाळांतून बुद्धिबळाची योजना काढली, आर्मेनियाने २०११ पासून प्राथमिक वर्गांत हा विषयच नेमला. आपल्या सरकारने तसे काही करीपर्यंत वाट पाहायची, तर आज पाचवीत असलेले मूल तोवर महाविद्यालय सोडून नोकरीच्या शोधात निघालेले असेल.

म्हणून आमची सूचना लहान आहे, आणि ती सरकारला कमी व गावच्या माणसांना अधिक आहे. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याने सार्वजनिक ग्रंथालयांना अनुदान मिळू लागले आणि तालुक्या-तालुक्यांत वाचनालये उभी राहिली. दुपारच्या वेळी त्यांतल्या पुष्कळ वाचनालयांत वर्तमानपत्र चाळणाऱ्या दोन-चार ज्येष्ठांखेरीज कोणी नसते. तेथे रविवारी सकाळी चार पट मांडावेत. काहीशे रुपयांत एक पट आणि सोंगट्या येतात. खर्चाची सबब पुढे करायला येथे जागाच नाही. शिकवायला मास्टर लागत नाही. निवृत्त शिक्षक, बँकेतला कारकून, तहसील कचेरीतला एखादा जुना शौकीन, ज्याला किल्लेकोट आणि घोड्याची दुहेरी चाल नीट समजावता येते, तो पुरेसा आहे. देवळाच्या ओट्यावर देशी नियमांनी खेळणारे म्हातारे, ज्यांच्या पटावर प्यादे पहिल्या खेपेस एकच घर चाले आणि जे प्यादेमातीला इतर कोणत्याही मातीहून मोठी मानीत, तेही यावेत. त्यांचा नियम जुना असला तरी नजर जुनी झालेली नाही. मुलांनी आठवडाभर मोबाइलवर खेळलेले डाव वहीत उतरवून आणावेत आणि ते तेथे सर्वांसमोर पुन्हा मांडले जावेत. बलवानाने दुर्बळाशी खेळताना घोडा किंवा हत्ती आधीच काढून ठेवावा. ही रीत तर आपल्या आजोबांनाही ठाऊक होती, गोवाल्यांकडून उसनी घेण्याची गरज नाही.

आणि वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या सुटीत, धाराशिव शहरात एक गुणांकित स्पर्धा व्हावी. तिला लाखांची बक्षिसे नकोत, कारण बक्षीस वाढले की प्रवेशशुल्क वाढते आणि बाहेरचे व्यवसायी खेळाडू येऊन रक्कम घेऊन जातात. त्याऐवजी तोच पैसा दोन अनुभवी प्रशिक्षकांच्या मानधनावर खर्चावा. प्रत्येक फेरीनंतर त्यांनी हरलेल्या मुलांना जवळ बसवून त्यांचे डाव तपासावेत. जिल्ह्यातल्या मुलांना शुल्क माफ असावे, मुलींसाठी वेगळी निवासव्यवस्था असावी, आणि फेऱ्यांच्या वेळा एसटीच्या वेळापत्रकाशी जुळवून ठेवाव्यात, म्हणजे भूम-परंड्याच्या मुलाला सकाळच्या गाडीने येऊन शेवटच्या गाडीने घरी जाता येईल.