पहिल्या घासानंतर बापाचे काम

रोवणीच्या दिवसांत एक तरुण बाप सात महिन्यांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आला. "डॉक्टरसाहेब, वरणाचं पाणी रोज पाजतो, पण वजन वाढत नाही." वाढेल कसे? पाण्याने पोट भरते, अंग भरत नाही.

सहा महिने पूर्ण होईपर्यंत केवळ आईचे दूध द्यावे. पुढे तेवढ्याने भागत नाही. लोह तर कमीच पडते. मऊ भात आणि घट्ट वरण कुस्करून, थोडे तेल घालून दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात करावी. चमचा तिरपा केला तरी ओघळू नये इतके ते दाट असावे. दिवसातून दोन-तीन वेळा भरवावे. हळूहळू शिजवलेले अंडे, काटे काढलेली मासळी, पालेभाजीही द्यावी. आईचे दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे. वर्षाच्या आत मध मात्र चाटवू नये.

आमच्या देवरीकडे आई दिवसभर बांधीत असते. उष्टावणाचा घास मामा भरवतो. रोजचा घास बापाने भरवला तर काय बिघडले? त्या बापाला वाटी-चमचा घेऊन करून दाखवले. महिन्याने वजनाचा काटा पुढे सरकला होता.