दोन खोक्यांतून एक गाडी

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा आयटीआयमध्ये फिटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. संध्याकाळी एका दुकानात काम करून त्याने थोडे पैसे साठवले आणि मे महिन्यात त्या पैशांची प्लॅस्टिकच्या मोटारीची दोन खोकी घरी आणली. बहिणीने मला बोलावून घेतले. "दादा, तूच बघ आता. एवढ्या पैशात धाकटीची वह्या-पुस्तकं आली असती. आणि हा म्हणतो, दोन्ही गाड्या कापून एक करणार!"

खरे सांगायचे तर मीही त्याच्यावर रागावलो. वस्त्यांतून बचतीवर बोलत फिरणारा मी. भाच्याने खेळण्यावर पैसे घालवावेत, तेही ती नवी कोरी वस्तू कापण्यासाठी, हे पटेना. पोरगा शांतपणे म्हणाला, "मामा, हे खेळणं नाही. तुम्ही आधी बघा तरी."

मग पाहिले. दोन्ही खोक्यांत एकच गाडी होती, १९३२ ची फोर्ड. पैकी एका खोक्यातली बॉडी त्याला हवी होती आणि दुसऱ्यातली चॅसी, इंजिन आणि रुंद चाके. हे वेड मूळ अमेरिकेतले. फोर्ड कंपनीने १९३२ साली सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत आठ सिलिंडरचे व्ही-८ इंजिन घातले. त्याची ताकद ६५ अश्वशक्ती. या गाड्या जुन्या झाल्यावर तिकडची तरुण पोरे त्या स्वस्तात घेत. मडगार्ड काढून वजन कमी करत, भंगारातले भाग लावत आणि दक्षिण कॅलिफोर्नियातल्या म्युरॉकसारख्या कोरड्या तळ्यांच्या सपाट तळावर वेग आजमावत. १९५५ साली शेव्हरोलेचे नवे व्ही-८ इंजिन आले, थेट १६२ अश्वशक्तीचे. जुन्या फोर्डच्या पोटात शेव्हरोलेचे इंजिन बसवायची चाल मग चांगलीच रुजली. म्हणजे खरी गाडीच मुळात दोन गाड्यांची जोड! मिशिगनच्या एएमटी कंपनीने १९५८ मध्ये एकाच खोक्यातून तीनपैकी कोणतीही गाडी बनवता येईल अशी किट काढली: कारखान्यातून निघाल्यासारखी, हौसेने बदललेली, किंवा शर्यतीची. एक गाडी बनवली की बरेच भाग उरत. ते पोरे फेकत थोडीच! पुढच्या गाडीला लावत. भाचाही तेच करत होता, फक्त मुंबईत, दहा बाय बाराच्या खोलीत.

आठ दिवसांनी गेलो तेव्हा तो तोंड पाडून बसला होता. बॉडीचा तळ कापून झाला होता, चिकटपट्टीने ती चॅसीवर बसवून पाहिली होती. मागची चाके बॉडीच्या कमानीत नीट बसवावीत, तर पुढे बॉनेट रेडिएटरच्या जाळीला पार करून जात होते. बॉडी कापलेली, पैसे संपलेले, आणि आई स्वयंपाक करता करता गप्प. ती काही बोलत नव्हती, हेच जास्त जड होते.

मी कारकून माणूस. कागद हातात आला की बारीक अक्षर आधी वाचायची सवय. खोकी उलटीपालटी केली. एकावर छापले होते १/२४, दुसऱ्यावर १/२५. म्हटले, "अरे, हे काय आहे?" त्याने डोक्याला हात लावला.

वाचकहो, आकडा एकाच अंकाने वेगळा आहे, पण हिशेब करून पाहा. १/२४ म्हणजे खऱ्या गाडीच्या एका फुटाला अर्धा इंच. या फोर्डच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर १०६ इंच. २५ ने भागले तर १०७.७ मिलिमीटर, २४ ने भागले तर ११२.२. फरक साडेचार मिलिमीटर. लांबीत चार टक्क्यांहून थोडा जास्त, तेवढाच रुंदीत, तेवढाच उंचीत. घनफळात तो तेरा टक्क्यांवर जातो. चक्रवाढ व्याज ज्यांनी भरले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता दोन वाटा होत्या. खोकी माळ्यावर टाकायची, किंवा चॅसी साडेचार मिलिमीटरने वाढवायची. त्याने दुसरी धरली. आयटीआयमध्ये शिकलेले व्हर्निअर इथे कामाला आले. चॅसीच्या दोन्ही लांब पट्ट्या, दाराच्या खाली जिथे काहीच जोडलेले नसते अशा एकाच जागी, बारीक दातांच्या करवतीने कापल्या. मध्ये प्लॅस्टिकचा तुकडा घातला आणि जोड मोडू नये म्हणून आतून पट्टी लावली. आडव्या पट्ट्याही रुंदीसाठी तशाच वाढवल्या. हे सगळे आरशाच्या सपाट काचेवर ठेवून रात्रभर वाळू दिले, कारण एक बाजू अर्ध्या मिलिमीटरने जरी वर राहिली तरी एक चाक अधांतरी राहते. इंजिन मात्र लहान मापाचेच ठेवले. ते डोळ्याला खुपत नाही. चाके खुपतात, म्हणून चारही एकाच खोक्यातली हवीत.

यातला गोंद साधा नसतो. तो प्लॅस्टिक विरघळवून दोन भाग एकजीव करतो, जवळजवळ वेल्डिंगच. चकचकीत मुलामा दिलेल्या भागांवर तो धरत नाही, आधी मुलामा खरवडावा लागतो. त्याची वाफ डोक्यात जाते आणि पेटही घेते. एकाच खोलीत स्टोव्ह, धाकटी पोर आणि हा गोंद, हे मला मुळीच चालले नसते. तेव्हा काम गॅलरीत, स्टोव्ह विझल्यावर, आणि घासायचे ते वॉटर पेपर ओला करून, म्हणजे भुकटी उडत नाही. या अटी मी घातल्या आणि त्याने पाळल्या. एकदाच विसरला, तेव्हा बहिणीने बाटली उचलून कपाटात कुलूपबंद केली.

जून संपता संपता करडा प्रायमर मारला. प्रायमरचा उपयोग सौंदर्यासाठी नसतो, चुका दाखवण्यासाठी असतो. दोन्ही जोडांवर केसाएवढी रेघ दिसली. पुन्हा पुट्टी, पुन्हा वाळवण, पुन्हा घासणे. बहीण जवळ येऊन पाहत होती. म्हणाली, "इथे बोट फिरव, अजून लागतंय." तिने शिवणयंत्रावर वीस वर्षे काढली आहेत, तिच्या बोटाला जे लागते ते त्याच्या डोळ्याला दिसले नव्हते. तेव्हापासून घासून झालेला भाग आधी तिच्या हातात जातो.

रंग अजून दिला नाही. पावसाळी दमट हवेत लॅकर फवारला की वर पांढरट धुरकट थर येतो. गाडी सध्या बुटाच्या खोक्यात, कापडात गुंडाळून ठेवली आहे. रंग लाल की निळा यावर धाकटीशी भांडण चालू आहे. उरलेले भाग एका डब्यात जपून ठेवले आहेत, आणि त्या डब्यावर या वेळी त्याने मोठ्या अक्षरांत लिहिले आहे: १/२४ वेगळे, १/२५ वेगळे.