गोष्ट नसलेला भूतबंगला

कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमधल्या 'हाँटेड मॅन्शन'विषयी एक मत ठामपणे मांडलं जातं: मूळ आराखड्यात या बंगल्याला सलग कथा होती, डिसेंबर १९६६ मध्ये वॉल्ट डिस्ने गेले आणि मागे राहिलेल्यांनी तिची खिचडी केली. हे मत मला साफ अमान्य आहे.

पूर्वपक्षातलं खरं तेवढं आधी मान्य करतो. डिस्नेचे रचनाकार केन अँडरसन यांनी १९५७ च्या सुमारास एक क्रूर जहाजी कप्तान आणि त्याची नवरी यांचं कथानक रचलं होतं. पुढे रचनाकारांपैकी क्लॉड कोट्स यांना बंगला भीतिदायक हवा होता, मार्क डेव्हिस यांना गमतीदार. तो मतभेदही खराच. पण अँडरसन यांची कथा पायी फिरणाऱ्यांसाठी होती. घोळक्याने थांबायचं, ऐकायचं, पुढे सरकायचं. डिस्नेलँडच्या गर्दीला ते पुरणारं नव्हतं. ९ ऑगस्ट १९६९ ला बंगला उघडला तो गाड्यांच्या अखंड साखळीसह. मेजवानीच्या दालनावरून कुणाची गाडी कोणत्या क्षणी जाईल याचा नेम नाही. मग सुरुवात-मध्य-शेवट असलेला प्रसंग दाखवायचा कुणाला? तिथे भुतं नाचत राहतात, कारण नाच कुठूनही पाहिला तरी पुरा वाटतो. ही खिचडी नव्हे, विचारपूर्वक केलेली रचना आहे.

याचा भक्कम पुरावा बंगल्यात शिरल्या शिरल्याच मिळतो. आठ बाजूंची खोली, भिंतीवर चार तसबिरी. दार बंद होतं, भिंती लांबू लागतात, तसबिरीही लांबतात. एका तसबिरीत छत्री घेतलेली गोड मुलगी दिसत असते. खाली पाहावं तर ती झिजत चाललेल्या दोरावर उभी आणि दोराखाली मगरीचा उघडा जबडा! ही खोली मुळात लिफ्ट आहे. खेळाची खरी इमारत रेल्वेच्या भरावापलीकडे असल्याने पाहुण्यांना जमिनीखाली उतरवणं भाग होतं. १९७१ मध्ये फ्लोरिडात दुसरा बंगला उघडला. तिथे खाली उतरायची गरजच नव्हती. तरी खोली ठेवली; जमीन स्थिर राहिली आणि छत वर जाऊ लागलं. अडचणीतून निघालेली युक्ती इतकी चोख होती की अडचण सरल्यावरही ती टाकवली नाही.

कथेच्या हट्टापायी नुकसान मात्र झालं. बंगल्याच्या माळ्यावर दिसणारी भुताची नवरी १९६९ मध्ये निनावी होती. अंधारात धडधडणारं तिचं हृदय तेवढं जाणवायचं. २००६ मध्ये तिला नाव दिलं, कुऱ्हाड दिली, मारलेल्या नवऱ्यांची यादी दिली. गूढ गेलं, गुन्ह्याची फाईल उरली.

मूळ रूप परत आणायचं कसं, याचा धडा त्याच माळ्यावर आहे. हातात टोपीचा डबा धरलेलं एक भूत तिथे उभं होतं. धडावरचं डोकं नाहीसं होऊन डब्यात दिसावं, अशी योजना. पण माळ्यावरच्या उजेडात धडावरचं डोकं पुरतं लपेना, म्हणून उद्घाटनानंतर थोड्याच काळात ते भूतच काढलं. पुढे कित्येकांनी ते कधी बसवलंच नव्हतं असं सांगितलं. तेही खोटंच. २०१५ मध्ये ते परतलं तेव्हा त्याच्या गळ्यात नवी कहाणी अडकवली नाही, फसलेली करामत तेवढी साधली. आता त्याचं डोकं खरोखर डब्यात जातं.