नाममुद्रा दोन असाव्यात, सुरक्षितता एकच

कर्नाटकातील बिडदी येथील टोयोटाच्या कारखान्यात ‘कॅमरी’ ही मोटार तयार होते. २०२० पासून त्याच कंपनीच्या ‘लेक्सस’ या आलिशान नाममुद्रेची ‘ईएस’ही तेथेच जुळवली जाऊ लागली. दोन्ही गाड्यांचा मूळ सांगाडा एकाच कुळातला; दोहोंत अडीच लिटरचे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर यांची जोडी. किमतीत मात्र दहा लाखांहून अधिक रुपयांचे अंतर.

हे अंतर निव्वळ नावाचे आहे, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. आतील शांतता, चामडी आसने, मागे बसणाऱ्याला मिळणारी ऐसपैस जागा, विक्रीनंतरची आस्थेवाईक सेवा या साऱ्यांना खर्च येतो. तो हौसेने सोसणाऱ्यांविषयी कुणाची तक्रार असू नये. इतिहासाच्या अभ्यासकाला कुतूहल वाटते ते या नाममुद्रांच्या जन्मकथेचे.

१९८१ साली अमेरिकेच्या दबावामुळे जपानने आपल्या मोटारींच्या तेथील निर्यातीवर ‘स्वेच्छेने’ मर्यादा घालून घेतली. पहिल्या वर्षासाठी ती १६.८ लाख गाड्यांची होती. बंधन संख्येवर होते, किमतीवर नव्हते. साहजिकच, प्रत्येक गाडीमागे अधिक नफा मिळवणे हा व्यवहारी मार्ग ठरला. होंडाने १९८६ मध्ये ‘अक्युरा’, तर टोयोटा आणि निसान यांनी १९८९ मध्ये अनुक्रमे ‘लेक्सस’ आणि ‘इन्फिनिटी’ अमेरिकेच्या बाजारात उतरवल्या. वधारलेला येन आणि ग्राहकांची वाढती ऐपत ही कारणेही होतीच. पण या वाटेकडे कंपन्यांना वळवण्यात सरकारी धोरणाचा वाटा मोठा होता.

आपला अनुभव निराळा नाही. २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि ठरावीक क्षमतेच्या इंजिनाच्या गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत दिली. काही वर्षांतच मागचा भाग आखूड केलेल्या ‘सेडान’ रस्त्यावर दिसू लागल्या. प्रशासनात आयुष्य घालवल्यावर एवढे निश्चित कळते, की नियम जे मोजतो, तेच उत्पादक घडवतो.

मग आपण काय मोजतो? सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराची फेररचना झाली, तेव्हाही पेट्रोल-डिझेलच्या छोट्या गाड्यांना १८ आणि मोठ्यांना ४० टक्के कर लावताना लांबी व इंजिनाची क्षमता हेच निकष राहिले. अपघातात ही गाडी आतल्या माणसाला कितपत वाचवते, हा प्रश्न कर आकारताना विचारला जात नाही. २०२३ मध्ये सुरू झालेली ‘भारत एनकॅप’ ही तारांकन चाचणी ऐच्छिक आहे. सहा एअरबॅग सक्तीच्या करण्याचा २०२२ चा प्रस्तावही पुढे बारगळला.

सक्तीने किंमत वाढेल आणि सामान्य कुटुंब पुन्हा दुचाकीकडे वळेल, हा आक्षेप पोकळ नाही. रस्त्यावरील मृतांमध्ये दुचाकीस्वारांचाच वाटा सर्वाधिक आहे. पण म्हणूनच हा भार ग्राहकावर न टाकता कररचनेने उचलायला हवा. प्रत्येक नव्या मोटारीची चाचणी अनिवार्य करावी, तिचे तारांकन विक्रीदालनात किमतीशेजारी लावावे आणि चांगले तारांकन मिळवणाऱ्या छोट्या गाडीला करात आणखी सूट द्यावी. महसुलाची थोडी तूट येईल, हे मान्य. परंतु २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली, याची किंमत कोणत्या लेखाशीर्षाखाली दाखवायची?

ज्याला परवडते त्याने मऊ आसन जरूर विकत घ्यावे. धडकेनंतर जिवंत राहण्याची शक्यता मात्र हौसेच्या यादीत असता कामा नये.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)