आधी नुसता नोड!

मंडळी, एक मत मांडतो, पटलं तर घ्या. सर्व्हरवर चालणारं जावास्क्रिप्ट शिकायचं असेल तर पहिले पंधरा दिवस नुसत्या नोडवर काढावेत. एक्सप्रेस नको, दुसरं कुठलं तयार पॅकेजही नको.

आमच्या पुतण्याने व्हिडिओ बघून आणि एआयला विचारून पहिल्याच दिवशी आख्खी वेबसाइट उभी केली. कौतुक आहेच! पण ती मधेच गोठायला लागली, तेव्हा कुठे बघायचं तेच कळेना. आता म्हणतो, "काका, मला प्रोग्रामिंग जमणारच नाही." अरे, दोष तुझ्या डोक्याचा नाही रे, शिकण्याच्या क्रमाचा आहे.

२००९ साली रायन डाल यांनी नोड आणला तेव्हा भाषा जुनीच होती, १९९५ सालची. खरी गंमत कामाच्या पद्धतीत आहे. उडप्याच्या हॉटेलातला एकच वेटर डोळ्यांपुढे आणा. ऑर्डर आत सांगतो आणि डोसा होईपर्यंत तिथे उभा न राहता पुढच्या टेबलाकडे वळतो. आतून हाक आली की बशी उचलतो. हा वेटर म्हणजे इव्हेंट लूप आणि ती हाक म्हणजे कॉलबॅक. फाइल वाचणं, डेटाबेसला विचारणं ही आतली कामं. पण वेटरलाच पीठ वाटायला बसवलं तर? सगळी टेबलं ताटकळणार! पुतण्याच्या कोडमध्ये नेमकं हेच होतं. एक भलंमोठं हिशोबाचं लूप.

हे कळायला नोडचं स्वतःचं एचटीटीपी मॉड्यूल पुरतं. पाच-सहा ओळींत सर्व्हर उभा राहतो. मग 'रीडफाइल' आणि 'रीडफाइलसिंक' दोन्ही वापरून बघा. पहिलं हाकेची वाट बघत मोकळं राहतं, दुसरं तिथेच अडून बसतं.

आणि उसन्या पॅकेजांचा भरवसा किती? मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' हे जेमतेम अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून घेतलं, आणि जगभरातल्या कितीतरी प्रोजेक्टांची बिल्डं कोसळली.

कुणी म्हणेल, नोकरीत असं नुसत्या नोडवर कोण लिहितं? फारसं कुणी नाही, मान्य. कॅल्क्युलेटर आपण सगळेच वापरतो की! पण पाढे आधी पाठ केलेले असतात, म्हणून उत्तर चुकलं तर खटकतं.

असो. पुतण्याला पंधरा दिवस दिलेत. तुमच्या घरातल्या पोरांनी कुठून सुरुवात केली?