रात्री दोन वाजताचा वाद

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत सकाळच्या वेळी आई-वडिलांबरोबर अठरा-वीस वर्षांची मुले येतात. केसपेपरवरच्या तक्रारी साध्या असतात. डोके दुखते, झोप लागत नाही, छातीत धडधडते, अभ्यासात लक्ष नाही. तपासण्यांत बहुधा काही सापडत नाही. 'रात्री मोबाइल किती वेळ बघतोस?' असे विचारले की मुलाच्या आधी आईच उत्तर देते, 'गेम खेळत बसतो.' मुलगा गप्प असतो. खोदून विचारले तर कळते की तो खेळत नसतो, भांडत असतो. प्लेस्टेशन चांगले की एक्सबॉक्स, विंडोज की लिनक्स, खेळासाठी संगणक घ्यावा की कन्सोल, यावर त्याने कधी न पाहिलेल्या माणसांशी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत.

हे ऐकल्यावर घरचे एक तर हसतात, नाही तर फोन काढून घेतात. 'एका डब्यावरून एवढे?' हा प्रश्न हमखास येतो. दुसऱ्या टोकाचे पालक याला थेट व्यसन ठरवून मोकळे होतात. दोन्ही प्रतिक्रिया चुकीच्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर'चा समावेश आहे, आणि ते वर्गीकरण जानेवारी २०२२पासून लागू झाले, हे खरे. पण त्याचे निकष खेळण्यावरचा ताबा सुटण्याबद्दल आहेत. खेळांबद्दल वाद घालणे हा आजार नव्हे, आणि प्रत्येक त्रासदायक सवयीला आजाराचे नाव चिकटवण्याची घाई डॉक्टरांनीही करू नये. मात्र आजार नाही म्हणजे त्रासही नाही, असे होत नाही. त्या मुलाला आलेला राग खरा असतो आणि त्याचे शरीर त्या रागाची किंमत मोजत असते.

ज्या यंत्रांवरून हे रण माजते, त्यांच्याकडे आधी पाहू. टीव्हीला जोडून खेळण्याची दोन मोठी यंत्रे, सोनीचे प्लेस्टेशन ५ आणि मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स सिरीज एक्स, नोव्हेंबर २०२०मध्ये दोन-तीन दिवसांच्या अंतराने बाजारात आली. दोन्हींच्या पोटातली मुख्य चिप एकाच अमेरिकी कंपनीने, एएमडीने, जवळपास एकाच पिढीच्या रचनेवर बेतलेली आहे. बहुतेक मोठे खेळ दोन्हींवर चालतात. फरक आहेत, नाही असे नाही. पण बाहेरच्या माणसाला ते दाखवून द्यावे लागतात. तरीही या दोन यंत्रांचे चाहते एकमेकांना जे बोलतात, ते छापण्याजोगे नसते. फरक जितका लहान, तितके भांडण मोठे, हा माणसाचा जुना स्वभाव फ्रॉइडनेही नोंदवून ठेवला आहे.

असे का होते, याचा एक धागा १९५६ सालच्या एका अमेरिकी प्रयोगात सापडतो. जॅक ब्रेम या मानसशास्त्रज्ञाने काही स्त्रियांना टोस्टर, रेडिओ अशा घरगुती वस्तू दाखवून प्रत्येक वस्तू किती आवडते ते नोंदवायला सांगितले. मग त्यांतल्या दोनपैकी एक निवडून घरी न्यायची मुभा दिली. निवड झाल्यावर पुन्हा आवड नोंदवली, तेव्हा घेतलेली वस्तू आधीपेक्षा अधिक आवडू लागली होती आणि सोडलेली वस्तू मनातून उतरली होती. दोन्ही वस्तू आधी जवळजवळ सारख्याच आवडत असतील, तर हा बदल जास्त. या प्रयोगाच्या गणितावर पुढे आक्षेप घेतले गेले. पण रचना सुधारून केलेल्या नंतरच्या प्रयोगांतही हा परिणाम टिकून राहिला. निवड अवघड असली की ती बरोबरच होती, हे मनाला स्वतःला पटवून द्यावे लागते.

आता हाच प्रयोग आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरात ठेवून पाहा. प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१मध्ये आले तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. दहावीच्या टक्क्यांवर बोली लावून, आजोबांकडून थोडे आणि हप्त्यावर उरलेले, असे करून ते घरात येते. दुसरे यंत्र घेण्याचा प्रश्नच नसतो. पुढची पाच-सहा वर्षे याच्यावरच काढायची असतात. अशा वेळी दूरवरचा कोणी अनोळखी माणूस लिहितो की हे यंत्र मूर्खांनी घेतलेले आहे. तो यंत्राबद्दल बोलत असतो, पण मुलाला ऐकू येते ते वडिलांच्या हप्त्यांबद्दल आणि स्वतःच्या अकलेबद्दल. लिनक्सवाल्यांची गोष्ट थोडी निराळी. तिथे पैसे पडत नाहीत. पण शिकण्यात घातलेल्या रात्री पडतात. मेहनतीने मिळवलेल्या गोष्टीला कोणी नावे ठेवली की ती पैशांच्या वस्तूपेक्षाही जास्त लागतात.

दुसरा धागा गटाचा. हेन्री ताजफेल हे पोलंडमध्ये जन्मलेले ज्यू मानसशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात ते युद्धकैदी होते आणि परतले तेव्हा त्यांचे बहुतेक आप्त मारले गेलेले होते. माणसे 'आपले' आणि 'परके' कशी ठरवतात, हा प्रश्न त्यांच्यासाठी पुस्तकी नव्हता. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल इथे त्यांनी चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांना पडद्यावर ठिपके दाखवून त्यांची संख्या विचारली. मग 'तुम्ही जास्त अंदाज करणारे, तुम्ही कमी' असे सांगून दोन गट केले. दुसऱ्या एका प्रयोगात क्ले आणि कँडिन्स्की या चित्रकारांपैकी कोण आवडतो, यावरून गट पाडले. प्रत्यक्षात ही विभागणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी होती. आपल्या गटात कोण आहे हेही मुलांना ठाऊक नव्हते आणि वाटपातून स्वतःला काही मिळणार नव्हते. तरी पैसे वाटायला दिल्यावर मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. त्याहून बोलके म्हणजे, आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण समोरच्यापेक्षा ते जास्त असले पाहिजे, अशी वाटणी अनेकांनी पसंत केली. १९७० आणि १९७१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ठिपके मोजण्यावरून एवढे होते, तर रोज हातात असलेल्या यंत्रावरून किती व्हावे!

कंपन्यांना हे शास्त्रज्ञांइतकेच नीट कळते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या सेगा कंपनीने अमेरिकेत 'निन्टेंडोला जे जमत नाही ते आम्ही करतो' अशा अर्थाची जाहिरात चालवली. त्यातून शाळेच्या मैदानावर दोन तट पडले आणि ती मुले पन्नाशीकडे झुकली तरी त्या आठवणीने हळवी होतात. पुढे काय झाले? २००१ साली सेगाने यंत्रे बनवणेच थांबवले आणि त्याच वर्षी तिचा सॉनिक निन्टेंडोच्या यंत्रावर धावू लागला. २००७मध्ये सॉनिक आणि निन्टेंडोचा मारिओ ऑलिंपिकच्या एका खेळात एकत्र आले. मायक्रोसॉफ्टचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह बामर यांनी २००१मध्ये लिनक्सची तुलना कर्करोगाशी केली होती. (कर्करोगाचे रुग्ण पाहणाऱ्या कोणालाही ही उपमा खटकावी.) २०१६मध्ये तीच मायक्रोसॉफ्ट लिनक्स फाउंडेशनची सदस्य झाली. २०२४मध्ये एक्सबॉक्सचे चार खेळ प्रतिस्पर्ध्यांच्या यंत्रांवर देण्याचे तिने जाहीर केले. कंपन्यांनी तह केव्हाच केले. सैनिकांना कोणी कळवले नाही.

आणि या सैनिकांच्या रक्तवाहिन्यांत काय होते? २०२४मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात २८० निरोगी प्रौढांना चार गटांत विभागले. एका गटाने राग आणणारी आठवण आठ मिनिटे मनात घोळवली, दुसऱ्याने चिंतेची, तिसऱ्याने दुःखाची. चौथ्याने नुसते आकडे मोजले. रागाच्या गटात रक्तवाहिन्यांची गरजेनुसार रुंदावण्याची क्षमता कमी झाली आणि हा परिणाम ४० मिनिटांपर्यंत दिसला. दुःख आणि चिंतेच्या गटांत तसा ठळक परिणाम आढळला नाही. विशीतल्या मुलाला यामुळे लगेच हृदयविकार होईल, असा अर्थ कोणी काढू नये. पण आठ मिनिटांच्या आठवणीने एवढे होत असेल, तर दर दहा मिनिटांनी नवा टोमणा वाचत काढलेल्या तीन तासांचा विचार करायला हवा. ज्यांना आधीच रक्तदाब किंवा हृदयविकार आहे, त्यांच्यासाठी तर ही गंमत राहत नाही. रागाच्या उद्रेकानंतरच्या दोन तासांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका जवळपास पाचपट होतो, असे २०१४मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दाखवले गेले. निरोगी माणसात हा मुळातला धोका फार लहान असतो, त्यामुळे त्याची पाचपटही लहानच. पन्नाशीच्या धूम्रपान करणाऱ्याची तशी नसते.

'मनातले ओकून टाकले की बरे वाटते' ही समजूत इथे सर्वांत घातक ठरते. ब्रॅड बुशमन यांनी २००२मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सुमारे ६०० विद्यार्थ्यांना आधी मुद्दाम चिडवले. मग काहींना चिडवणाऱ्याचा विचार करत बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारायला सांगितले, काहींना व्यायामाचा विचार करत, आणि काहींना नुसते बसवून ठेवले. सर्वांत जास्त राग पहिल्या गटात उरला. सर्वांत कमी राग, काहीच न करता बसलेल्यांत. रात्री उशीपाशी फोन धरून सणसणीत उत्तर लिहिणारा मुलगा नेमका पहिल्या गटात असतो. शिवाय अंथरुण ही भांडणाची जागा आहे, असे मेंदू शिकत जातो. मग फोन ठेवला तरी झोप येत नाही, कारण डोक्यात पुढचे उत्तर जुळत असते. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. त्यातले दोन तास असे गेले की सकाळची डोकेदुखी समजावून सांगायला महागड्या तपासण्यांची गरज उरत नाही.

पूर्वी असे वाद नव्हते का? होते. गावसकर मोठा की विश्वनाथ, लता की आशा, यावर कट्ट्यावर आवाज चढत. पण समोरच्याचा पडलेला चेहरा दिसे, आठ वाजता घरून हाक येई आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच सायकलवर डबलसीट जायचे असे. आता चेहरा दिसत नाही, हाक येत नाही, आणि चिडून लिहिले तर शाबासकी मिळते. येल विद्यापीठातील संशोधकांनी २०२१मध्ये ट्विटरवरच्या सुमारे सात हजार जणांचे लिखाण तपासले, तेव्हा संतापाच्या मजकुराला ज्यांना जास्त 'लाइक' मिळाले, ते पुढेही अधिक संतापून लिहू लागल्याचे दिसले.

म्हणून वादच नकोत, असे मात्र म्हणता येत नाही. जानेवारी १९९२मध्ये ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी एका चर्चागटावर लिहिले, की लिनक्सची रचनाच कालबाह्य आहे. हेलसिंकीत शिकणाऱ्या २२ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने तिखट उत्तर दिले आणि मागोमाग त्या सुराबद्दल माफीही मागितली. भाषा कडक होती, पण वाद होता तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची रचना कशी असावी, यावर. ती पत्रे आजही संगणकाचे विद्यार्थी वाचतात आणि त्यातून शिकतात. बारा वर्षांनी, लिनक्स हे टॅनेनबॉम यांच्या मिनिक्सवरून उचललेले आहे असा आरोप झाला, तेव्हा टोरवाल्ड्सच्या बाजूने ठामपणे उभे राहिले ते टॅनेनबॉमच. आज लिनक्सचा गाभा प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहे, आणि मिनिक्सही इंटेलच्या अनेक चिपच्या पोटात निघाले. उलट बाजूही सांगायला हवी. त्याच टोरवाल्ड्सनी पुढची अनेक वर्षे सहकाऱ्यांना जहरी पत्रे लिहिली आणि सप्टेंबर २०१८मध्ये जाहीर माफी मागून, मदत घेण्यासाठी काही काळ कामातून बाजूला झाले.

तेव्हा मुलाचा फोन हिसकावण्याआधी त्याला एकच विचारावे : ज्याच्याशी भांडतोस, त्याच्या यंत्रातली एखादी चांगली गोष्ट सांगता येईल का? सांगता आली, तर तो वाद शिकण्याचा आहे. चालू द्यावा, फक्त दिवसा. सांगता आली नाही, तर प्रश्न यंत्राचा राहिलेला नाही. मग यंत्रावर न बोलता त्याचे कॉलेज, मित्र, एकटेपणा यांवर बोलावे. घरातला नियम फोनबंदीचा नको, वेळेचा हवा. रात्री दहानंतर उत्तर लिहायचे नाही, लिहिलेच तर सकाळी वाचून मग पाठवायचे. सकाळी त्यातले फारच थोडे पाठवले जाते. चार्जर झोपण्याच्या खोलीबाहेर ठेवावा. आणि हा नियम घरातल्या सर्वांना लागू असावा. वडीलधाऱ्यांचे व्हॉट्सॲप गटही रात्री अकरानंतर जागे असतात. तिथे यंत्राऐवजी पक्ष, नेते आणि गाडीचे मायलेज असते. ओपीडीत मुलाचा रक्तदाब मोजून झाला, की तो पट्टा सोबत आलेल्या वडिलांच्या दंडालाही एकदा बांधून पाहायला हरकत नाही.