इर्शाळवाडीचे ऋण

नवी मुंबईच्या नळाला येणारे पाणी मोरबे धरणाचे. या जलाशयाजवळच इर्शाळगडाचा सुळका उभा आहे. पनवेल, खारघर, नेरूळची तरुण मंडळी पावसाळ्यात गडावर जात, तेव्हा वाटेत त्यांना ठाकर समाजाची लहानशी वस्ती लागे. तीच इर्शाळवाडी.

वाडीला मोटाररस्ता नव्हता. बाजारातले तेलमीठही चढण चढूनच वर न्यावे लागे. तरीही दमून आलेल्या अनोळखी पाहुण्यापुढे तेथे पाण्याचा तांब्या येई, भिजलेल्याला ओटीवर आसरा मिळे, चुकलेल्याला वाट दाखवायला घरातले कोणी सोबत निघे. अतिथिसंविभाग हे श्रावकाच्या बारा व्रतांपैकी एक. त्याचे मर्म या वाडीत व्रताचे नाव न घेता पाळले जात होते. भरल्या कोठारातून दिलेले आणि मोजक्या शिध्यातून दिलेले, या दोहोंचे मोल सारखे नसते.

१९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात डोंगराची दरड वाडीवर कोसळली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ जण बेपत्ताच राहिले. अवजड यंत्रे वर चढविता येईनात, म्हणून माणसांनी हातांनी चिखल उपसला. शासकीय पथकांच्या बरोबरीने त्यात खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारखे गिर्यारोहकही होते. नवी मुंबई अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याला मदतीसाठी तीच चढण चढताना हृदयविकाराने मृत्यू आला. पुढे सिडकोने वाचलेल्या कुटुंबांसाठी चौकजवळ पक्की घरे बांधली.

तथापि ऋण एवढ्याने फिटत नाही. इर्शाळवाडीचे नाव दरडप्रवण गावांच्या शासकीय यादीत नव्हते, आणि डोंगरउतारावर वसलेल्या अशा वाड्या सह्याद्रीत आणखी पुष्कळ आहेत. तेथे जाणाऱ्याने जेवणाचे मोल आग्रहाने द्यावे, मध वा रानभाजी घासाघीस न करता घ्यावी. पण त्याहून मोठी परतफेड डोळ्यांनी करता येते. जमिनीला गेलेली नवी भेग, एकाएकी कललेली झाडे, अचानक गढूळ झालेला झरा ही दरड कोसळण्याची पूर्वचिन्हे होत. ती दिसली तर वाडीतल्या जाणत्यांना सांगावे, आणि परतताना तहसील कार्यालयात लेखी कळवावे. तांब्याभर पाणी देणाऱ्या घरासाठी एवढे करणे कोणालाही जड नाही.